सरांचा डावा पाय

पेणहून खारेपाटाकडे जाणाऱ्या रस्त्यावर दत्तात्रेय मोकलचं गॅरेज आहे. पत्र्याची शेड, मागे बोअरिंग, बाजूला उंडीचं एक झाड. पाटी नाही. जुनी गाडी बाळगणारा माणूस पाटी बघून येत नाही, दुसऱ्या जुन्या गाडीवाल्याने सांगितलं म्हणून येतो. आणि एकदा दत्ताने सांगितलं की मग तो आणखी कोणाला विचारायला जात नाही. हा विश्वास दत्ताने वर्षानुवर्षं खपून कमावला होता. पुढे जे झालं ते त्या विश्वासापायीच झालं.

दत्ताचे आईबाप मिठागरात राबले. बाप गेला, आई, हौसा, अजून आहे. लहानपणी दत्ता मिठागरातल्या पाण्यात बोट बुडवून जिभेला लावायचा आणि मीठ कधी धरेल ते बापाला सांगायचा. बाप हसण्यावारी न्यायचा, पण पोराचा अंदाज सहसा चुकायचा नाही. तरीही त्या पांढऱ्या उन्हात जन्म काढायची त्याची तयारी नव्हती. दहावी झाल्यावर तो रोह्याला गेला, नदीपलीकडच्या अष्टमी गावात एक खोली भाड्याने घेतली आणि एका वर्कशॉपमध्ये हेल्पर म्हणून लागला.

विष्णु कर्णिक त्याला तिथेच भेटले. ते रोह्याच्या शाळेत गणित शिकवायचे. त्यांनी मोठ्या हौसेने पांढरी मारुती आठशे घेतली होती आणि तिचं काहीतरी किरकोळ काम होतं. मोठ्या मिस्त्रीला वेळ नव्हता, म्हणून त्याने गाडी या नवख्या पोराकडे ढकलली आणि मग सरांकडे बघून जरा ओशाळला.

"शिकू दे त्याला माझ्या गाडीवर," सर म्हणाले. "बिघडली तर तोच दुरुस्त करील. जाईल कुठे?"

पुढे दत्ताने पेणला स्वतःची शेड टाकली, तेव्हा तिच्याखाली पहिली उभी राहिली ती सरांचीच गाडी. रोह्यात काही मेकॅनिकांचा दुष्काळ नाही. तरी सर नागोठण्यावरून पेणला यायचे. शेजारी अनसूयाकाकू, आणि काकूंच्या मांडीवर दत्तासाठी काहीतरी डब्यात. गाडी जुनी झाली, सर निवृत्त झाले, पण हा क्रम चुकला नाही.

गाडी तपासायची दत्ताची एक रीत होती. इंजिन चालू ठेवायला सांगून तो बॉनेटवर तळहात टेकवायचा आणि डोळे मिटून ऐकायचा. गिऱ्हाईक मध्येच आपली कैफियत सांगायला लागलं की म्हणायचा, "तुम्ही थांबा. तिला बोलू द्या. गाडी खोटं बोलत नाय. बोललं तर माणूस बोलतं." लोक हसायचे. त्याचं बहुतेक वेळा बरोबर निघायचं, त्यामुळे हे वाक्य कोणाला लागत नसे.

दुसरी त्याची रीत खंडेनवमीची. त्या दिवशी हत्यारांची पूजा असते. आदल्या दिवशी दत्ता जुन्या गिऱ्हाइकांपैकी काहींना बोलावून घ्यायचा, त्यांच्या गाड्यांची इंजिनं स्वतःच्या हाताने धुवून पुसून काढायचा आणि झेंडूची माळ घालून गाडी परत पाठवायचा. या कामाला त्याने शेडमधल्या दुसऱ्या कोणाला कधी हात लावू दिला नाही.

त्या वर्षी नेमकं आदल्या दिवशी नळाला पाणी आलं नाही. रस्त्याच्या खोदकामात पाइप फुटला होता. शेडमागच्या बोअरला पाणी भरपूर, पण ते खारं. टायर आणि मडगार्ड धुण्यापलीकडे दत्ता ते वापरत नसे. सरांची गाडी मात्र शेडमध्ये येऊन उभी राहिलेली. काकू उंडीच्या सावलीत खुर्चीवर बसून स्वतःच माळ ओवत होत्या. "आज राहू दे रे," असं सर म्हणालेही. पण इतक्या लांबून आलेल्या माणसांना तसंच परत धाडायचं दत्ताच्या जिवावर आलं. एकदा धुतल्याने काय होतंय, असं मनाशी म्हणून त्याने बोअरचा पाइप ओढला, प्रेशरने पाणी मारलं, मग हवा मारून सगळं कोरडं केलं. इंजिन चकचकीत दिसायला लागलं. काकूंनी माळ घातली. गाडी गेली, आणि दत्ता ते विसरून गेला.

दिवाळी झाली. सकाळी कुंडलिका नदीवरून धुकं चढायला लागलं आणि सरांची गाडी मिसिंग करू लागली. रोज नाही. एखाद्या सकाळी तिच्या तीन सिलेंडरांपैकी एक गप्प बसायचा. गाडी थरथरायची, आचके द्यायची, एखाद्या वेळी बंदही पडायची. ऊन वर आलं की अशी चालायची, जणू काही झालंच नव्हतं.

सर गाडी घेऊन पेणला आले. येईपर्यंत इंजिन तापलेलं आणि दुपार झालेली. दत्ताने हात टेकवून डोळे मिटले. आवाज एकसारखा. त्याने प्लग काढून बघितले, कार्ब्युरेटर साफ केला, पेट्रोलचा फिल्टर बदलला. थोड्या दिवसांनी सर पुन्हा हजर.

"सर, मला करून दाखवा."

"इथे करत नाही रे ती. तुझ्यासमोर अगदी शहाण्यासारखी वागते."

"मग गाडीत नसंल काय."

"मग कशात असेल?"

दत्ता सरांच्या शेजारी बसला आणि त्यांना एक फेरी मारायला लावली. सरांचा डावा पाय क्लचवर जरासा टेकलेला त्याला दिसला. अशी सवय कितीतरी जणांना असते. पण दत्ताला उत्तर हवं होतं, आणि ते तिथे पायाच्या रूपात समोर दिसत होतं. त्या दिवशी तो "गाडी बरी हाय, सर," एवढंच म्हणाला.

काकूंची बहीण, इंदुबाई, निडीला एकटीच राहते. दर गुरुवारी सकाळी सर आणि काकू पूल ओलांडून तिच्याकडे जायचे, तिथेच जेवायचे, संध्याकाळी परत यायचे. त्या दोघांच्या आठवड्यात याहून मोठा कार्यक्रम नव्हता. अशाच एका गुरुवारी गाडी अष्टमीच्या पुलावर मधोमध बंद पडली. मागे एसटी, रिक्षा, कंपनीची बस, आणि सगळ्यांचे हॉर्न. मोटरसायकलवरचा एक जण खिडकीशी वाकून ओरडला, "आजोबा, किल्ली नातवाला द्या आता!" चार लोकांनी गाडी ढकलत पलीकडे नेली. काकू कठडा धरून मागून चालत आल्या.

सरांची मुलगी हेमांगी ठाण्याला बँकेत आहे. हे कानावर गेल्यावर तिने दत्ताला फोन केला.

"दत्ताभाऊ, तुम्ही खरं ते सांगा. गाडीला झालंय काय?"

"ताई, गाडीला काय नाय. मी दोनदा खोलून बघितली. सरांच्या डाव्या पायात जोर नाय राहिला. क्लच नीट सुटत नाय, म्हणून गाडी आचके देते नि बंद पडते. वय झालं त्यांचं. माझं ऐकाल तर त्यांना चालवायला देऊ नका."

असं बोलताना त्याला आपण घरच्या माणसाचं काम करतोय असं वाटलं. फोन ठेवल्यावर तो चहाही प्यायला.

हेमांगी रोह्याला आली आणि किल्ली घेऊन गेली. तिला वाटलं होतं तसा वाद सरांनी घातला नाही. दत्ताने सांगितलंय म्हटल्यावर ते दुसऱ्या कोणाला विचारणार होते?

थंडी सरत आली तेव्हा तिचा पुन्हा फोन आला. गाडी विकायची ठरली होती. अष्टमीचा प्रविण म्हणून कंपनीतला एक माणूस रविवारी, रात्रीची शिफ्ट संपवून थेट बघायला येणार होता. "तुम्ही या ना. इंजिन चांगलं आहे असं तुम्ही सांगितलंत की तो दुसरं काही बघणार नाही."

दत्ता मोटरसायकलवरून निघाला. नागोठणं सोडल्यापासून धुकं होतं, ते पुलावर तर असं दाटलं की कठडे दिसेनात. हेल्मेटच्या काचेवरून पाणी ओघळत होतं. सरांच्या घरी पोचला तेव्हा हेमांगी फाटकाशी उभी होती आणि प्रविण गाडीभोवती फिरून पत्र्यावर टिचक्या मारत होता. सर व्हरांड्यात पेपर घेऊन बसले होते.

"ये दत्ता," ते म्हणाले, आणि पायऱ्या उतरून आले. उतरताना डावा पाय प्रत्येक पायरीवर आधी टेकवत होते, त्यावर भार टाकायच्या आधी जरा थांबत होते. दत्ताच्या ते नजरेत आलं. पायाबद्दल आपण बरोबर बोललो, असंच त्याच्या मनात आलं.

प्रविणने किल्ली फिरवली. गाडी चालू झाली आणि थरथरायला लागली.

"मिस्त्री, ही खोकते हो!"

"थंड हाय. चोक दे."

"दिला. ही डॉक्टरकडं न्यायला झालीय, माझ्याकडं नको."

"उतर. तुला जमत नाय."

दत्ता स्वतः बसला. गिअर टाकला, क्लच सोडला. सावकाश, नीट, आयुष्यभर सोडला तसा. गाडीने दोन आचके दिले आणि फाटकाच्या आतच बंद पडली. त्याने पुन्हा चालू केली. पुन्हा तेच. सर पायरीशी उभे राहून बघत होते. प्रविण म्हणाला, "काय मिस्त्री, तुमचा पण पाय दुखतो काय?" सरांच्या पायाचं हेमांगीने त्याला सांगितलेलं असावं.

दत्ता उतरला. बॉनेट उघडलं, गाडीवरचं जुनं कव्हर डोक्यावरून पुढे ओढून खाली काळोख केला आणि प्रविणला स्टार्टर मारायला सांगितलं. आणि मग त्याला ते दिसलं. प्लगना करंट वाटून देणाऱ्या डिस्ट्रिब्युटरच्या काळ्या टोपीवरून जांभळट निळे धागे सरपटत होते. करंट प्लगपर्यंत जायच्या ऐवजी ओल्या टोपीवरून भलतीकडे पळत होता.

त्याने टोपी काढली. आत कडेला पांढुरकी बुरशीसारखी पुटं धरली होती. त्याने बोट फिरवलं, आणि लहानपणची सवय, बोट जिभेला लावलं.

खारट.

कव्हराखाली तो तसाच वाकून राहिला. ती चव कुठली, हे त्याला कोणी सांगायला नको होतं. खंडेनवमीची आदली दुपार, बोअरचा पाइप, प्रेशरने आत घुसलेलं पाणी. हवा मारली होती त्याने, पण हवेने पाणी उडतं, मीठ मागे राहतं. ऊन असेपर्यंत ते मीठ कोरडं, निपचित. धुकं पडलं की ओल धरतं, आणि करंटला वाट मिळते. गाडी पेणला पोचेपर्यंत इंजिनाच्या उष्णतेने सगळं पुन्हा सुकलेलं. मीठ पाझरतं कधी नि सुकतं कधी, हे तो अक्षर ओळखायच्या आधी शिकला होता.

"काय सापडलं?" प्रविणने विचारलं.

"दव," दत्ता म्हणाला. "दव धरलंय."

त्याने घरातून गोडं पाणी मागून घेतलं, टोपी आतून-बाहेरून धुतली, वायरींची टोकं पुसली, सगळं खडखडीत कोरडं करून बसवलं. किल्ली फिरवताच गाडी एकसारखी चालायला लागली. प्रविण खूश झाला. "हां, आता बोला! मग काय ताई, करायचं का?"

सर जवळ आले. "म्हणजे दत्ता, गाडीत काही होतं?"

दत्ताने फडक्याला हात पुसले. "आज होतं, सर."

"आज." सरांनी मान हलवली. "म्हणजे हे आजचं वेगळं. पुलावर माझा पायच होता." आणि ते परत पायऱ्यांकडे वळले. डावा पाय आधी टेकवून.

दत्ता तिथेच उभा राहिला. खरं तर आता काहीच करायचं उरलं नव्हतं. गाडी विकली जाणार होती, धड चालणार होती, प्रविणची तक्रार येणार नव्हती. काकू चहा घेऊन आल्या.

"घे. थंडीत आलास एवढा." मग हळू आवाजात म्हणाल्या, "यांच्या पायाचं तूच ओळखलंस म्हणून बरं झालं बाबा. डॉक्टर म्हणतात काही नाही. हे म्हणतात, डॉक्टर लपवतोय, दत्ता कशाला खोटं सांगेल? रोज तेल चोळतात पायाला. रात्रीचे उठून अंधारात चालून बघतात, मला कळू नये म्हणून दिवा लावत नाहीत."

दत्ताने कप बॉनेटवर ठेवला.

"काकू, सरांना बोलवा," तो म्हणाला. मग स्वतःच व्हरांड्यापाशी गेला. पायरी चढला नाही, खालीच उभा राहिला. "सर, तुमचा पाय चांगला हाय. तेव्हा पण चांगला होता."

"अरे, असू दे. माझी समजूत घालू नकोस."

"समजूत नाय घालत. मी केलं हे." आणि मग त्याने सांगितलं. फुटलेला पाइप, खारं पाणी, मीठ, धुकं. सांगताना आवाज चढत गेला, जणू तो दुसऱ्या कोणाला झाडत होता. "पुलावर गाडी बंद पडली ती माझ्या मिठानं. आणि मी तुमच्या पायावर घातलं. मला सापडंना, म्हणून तुमच्यावर घातलं."

गाडी तेवढी चालू होती, एकसारखी.

हेमांगीच म्हणाली, "दत्ताभाऊ, तुम्ही फोनवर जे म्हणालात ना, ते मी बाबांना जसंच्या तसं सांगितलं. त्यांच्यासमोर उभं राहून. पायात जोर राहिला नाही म्हणून." तिचा आवाज फाटला. ती आत निघून गेली.

सरांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "त्या गुरुवारी धुकं होतं," ते म्हणाले. "बरोबर. ज्या ज्या दिवशी गाडी अडली, त्या सगळ्या दिवशी होतं. मला हे दिसायला हवं होतं." गणिताच्या मास्तराने स्वतःची चूक काढावी तसं ते म्हणाले, आणि दत्ताला ते शिवीपेक्षा जास्त लागलं. सर ओरडले असते तर त्याला बरं वाटलं असतं.

प्रविण चुळबुळत होता. "मग विकायची का नाय? मला झोपायचंय जाऊन."

"नाही," काकू म्हणाल्या. "तुम्ही जा, चहा घेऊन जा. आणि तू रे दत्ता, तू नको जाऊस. यांच्या शेजारी बस आणि पुलापर्यंत जाऊन या. तुझ्या तोंडाने गाडी बंद झाली, तुझ्या देखत चालू होऊ दे."

सर बसले. गाडी बाजारातून व्यवस्थित गेली, गिअर नीट पडले, आणि पूल समोर दिसायला लागल्यावर सरांनी ती कडेला घेतली. इंजिन चालूच होतं.

"ती ठीक आहे रे," सर म्हणाले. "मला कळतंय. पण माझा पाय मला आता विचारल्याशिवाय हलत नाही." त्यांनी हात स्टीअरिंगवरून काढले. "तू चालव परत."

"नाय सर. तुम्हीच वळवा. मी बसतो."

सरांनी तिथूनच गाडी वळवली.

पेणला परत आल्यावर दत्ताने आईला सांगितलं. हौसाने सुपातले तांदूळ निवडणं थांबवलं नाही. "मिठागरात वाढलास नि तुला मीठ नाय कळलं?" ती म्हणाली. "नि मग मास्तरांना बोललास व्हय रे?" दत्ताने बोअरच्या पाइपाचं तोंड काढून टाकलं. खंडेनवमीच्या आदल्या दिवशी त्याच पाण्याने आणखी ज्यांची इंजिनं धुतली होती, त्यांच्या घरी तो गेला. सुशील नावाच्या एकाने आपली व्हॅन कधीच विकून टाकली होती. "तुम्हीच म्हणालात ना, आता हिच्यात दम नाय?" सुशील सहज म्हणाला. दत्ताला ते आठवतही नव्हतं, आणि आठवत नाही याचंच त्याला वाईट वाटत राहिलं.

त्यानंतर दर गुरुवारी सकाळी शेड बंद ठेवून तो रोह्याला जायला लागला. सर चालवायचे, दत्ता शेजारी, काकू मागच्या सीटवर डबा घेऊन. पहिल्यांदा पुलाच्या अलीकडून परतले. मग एकदा पूल ओलांडताना सर दत्ताशी मोठमोठ्याने काहीतरी बोलत गेले आणि पलीकडे पोचल्यावर गप्प झाले. मग निडीपर्यंत. इंदुबाई दत्तालाही पानावर बसवायच्या. "हा कोण आणलाय गो नवीन ड्रायव्हर?" त्या बहिणीला विचारायच्या, आणि दत्ता खाली मान घालून जेवायचा.

एका बुधवारी सरांचा फोन आला.

"उद्या येऊ नकोस."

"का सर? बरं नाय काय?"

"बरं आहे. अनसूया म्हणते, मागे बसून कंटाळा आला. तिची जागा तिला परत हवी आहे."

गुरुवारी दत्ताने सवयीने मोटरसायकल बाहेर काढली आणि मग तिला धरून उभा राहिला. खाडीवर धुकं होतं. शेडमध्ये एक गाडी उघडून ठेवलेली होती, तिच्या कामाला त्याने हात लावला नाही. फोन करावा असं पुष्कळदा वाटलं, पण विचारायचं कोणत्या तोंडाने?

दुपार झाल्यावर काकूंचाच फोन आला. मागून इंदुबाईंचा आवाज, ताटांचा आवाज.

"पोचलो रे आम्ही," काकू म्हणाल्या.

"गाडीनं त्रास नाय ना दिला?"

"गाडी छान होती." त्या जरा थांबल्या. "पुलाच्या तोंडाशी हे थांबले होते. बराच वेळ. मागचे हॉर्न वाजवायला लागले. मी काही बोलले नाही. मग गेले."

"व्हय," दत्ता म्हणाला. काकूंनी फोन ठेवला तरी तो कानाशी धरून उभा होता.